वकिलाच्या कपाटातील ग्रंथ आणि त्यांचे साल

आपल्या मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य समितीकडे गतवर्षी एका दिवंगत ज्ञातिबांधवांच्या घरून कायद्याच्या ग्रंथांचा मोठा संग्रह भेटीदाखल आला. कै. वकीलसाहेबांनी चाळीस वर्षे तालुक्याच्या व जिल्ह्याच्या न्यायालयांत वकिली केली. त्यांच्या चिरंजीवांनी दुसरा व्यवसाय पत्करल्यामुळे तीन कपाटे भरतील एवढी पुस्तके आपल्या वसतिगृहाच्या माडीवर येऊन पडली. आपल्या ज्ञातीतील जी मुलेमुली कायद्याचे शिक्षण घेत आहेत त्यांना ती वाटून द्यावीत, असा एक पक्ष समितीत होता. ती जुनाट पुस्तके रद्दीत घालून येईल त्या पैशांत नवी घ्यावीत, असा दुसरा पक्ष होता. तूर्त यादी तरी करावी असे ठरून ते काम प्रस्तुत लेखकाकडे आले. मी कायद्याचा पदवीधर नव्हे. मॅट्रिक होऊन अध्यापनाची परीक्षा दिली आणि छत्तीस वर्षे शाळेत शिकविले, एवढीच माझी विद्या. परंतु शाळेच्या ग्रंथालयाचे दप्तर ठेवण्याची सवय असल्याने मी ग्रंथनाम, ग्रंथकार, आवृत्ती आणि साल असे चार रकाने आखले व कामास बसलो. त्यांतील चौथ्या रकान्याने मला जे शिकविले ते ज्ञातिबांधवांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

आपल्या प्रांतात वकिलाच्या कपाटाचा इतिहास फार जुना नाही. पेशवाई १८१८ साली बुडाली आणि दुसऱ्याच वर्षी माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर झाले. न्याय कशाच्या आधारे द्यावयाचा हा प्रश्न नव्या राज्यकर्त्यांपुढे उभा राहिला. पोथ्या होत्या, परंतु त्या संस्कृतात. आणि पोथीत एक व गावात दुसरेच, असा अनुभव पावलोपावली येत होता. एल्फिन्स्टन साहेबांनी दोन्ही बाजूंनी प्रयत्न आरंभिला. १८२७ साली, म्हणजे त्यांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षी, तीन गोष्टी एकदमच घडून आल्या. मुंबई इलाख्याचे कायदे ‘रेग्युलेशन्स’ या नावाने एकत्र होऊन निघाले. हॅरी बॉरोडेल या अधिकाऱ्याने ‘व्यवहारमयूख’ या संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद सुरतेस छापला. आणि आर्थर स्टील या अधिकाऱ्याचा दख्खनमधील हिंदू जातींच्या कायद्याचा व रूढींचा सारग्रंथ प्रसिद्ध झाला.

स्टीलच्या या ग्रंथाविषयी आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेच्या सभासदांना विशेष कुतूहल वाटावयास हवे. शास्त्री लोकांकडून शास्त्र समजून घ्यावे आणि निरनिराळ्या जातींच्या प्रमुखांना विचारून त्यांची चाल लिहून घ्यावी, अशी त्याची रीत होती. दत्तक कोणाचा घेता, पुनर्विवाह चालतो काय, काडीमोड कशी होते, स्त्रीधन मागे कोणाकडे जाते, असे ते विषय. आपले खापरपणजोबा ज्या बैठकीत बसून निवाडा करीत तेथे पुस्तक नव्हते, म्हाताऱ्या माणसांची आठवण हेच पुस्तक. त्या आठवणीचे छापील पानांत रूपांतर झाले आणि ती पाने न्यायाधीशाच्या मेजावर जाऊन बसली. पुढे १८६८ साली हा ग्रंथ लंडनमध्ये पुन्हा छापावा लागला, यावरून त्याचा उपयोग किती होत होता हे दिसते.

त्याच १८२७ सालच्या चौथ्या रेग्युलेशनात एक कलम होते, ते मुद्दाम सांगण्यासारखे आहे. दाव्यास लागू पडेल असा सरकारी कायदा असेल तर प्रथम तो पाहावा. तसा नसेल तर त्या मुलखाची रूढी पाहावी. रूढी न सापडल्यास प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा पाहावा. आणि काहीच नसेल तर न्याय, समता व सद्सद्विवेक यांवर निर्णय द्यावा, असा त्यात क्रम होता. येथे रूढीला पोथीच्या वरचे स्थान मिळाले. मद्रासकडील रामनाडच्या दत्तक प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलनेही १८६८ मध्ये असेच म्हटले की, रूढी स्पष्टपणे सिद्ध झाली तर ती लिखित वचनावर मात करते. सिद्ध करावयाची म्हणजे पुरावा पाहिजे, आणि पुरावा शोधावयाचा म्हणजे ग्रंथ पाहिजे. वकिलाच्या कपाटाची सुरुवात ही अशी गरजेतून झाली.

आरंभीची कित्येक वर्षे मात्र वकिलाने स्वतः ग्रंथ चाळण्याची तेवढी गरज नव्हती, कारण न्यायालयात सरकारी पगारावर शास्त्री नेमलेले असत. न्यायाधीशाने प्रश्न लिहून पाठवावा आणि शास्त्रीबोवांनी वचनांचा आधार देऊन उत्तर लिहावे, अशी पद्धत होती. मुंबईस १८६२ मध्ये हायकोर्ट स्थापन झाले आणि १८६४ मध्ये हे शास्त्र्यांचे पद रद्द करण्यात आले. आता साहेबाने विचारावे कोणास? मग न्यायखात्यातील रेमंड वेस्ट आणि एल्फिन्स्टन कॉलेजातील संस्कृतचे जर्मन प्राध्यापक गेओर्ग ब्यूलर या दोघांनी निरनिराळ्या न्यायालयांच्या दप्तरांतून शास्त्र्यांची ती जुनी उत्तरे गोळा केली, त्यांची छाननी केली आणि १८६७ व १८६९ या साली दोन भागांत त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. आधी प्रश्न, मग उत्तर, मग आधारवचने, आणि शेवटी संपादकांचा अभिप्राय. शास्त्रीबोवा घरी गेले, पण त्यांचा शब्द जाड पुठ्ठ्यात बांधला जाऊन वकिलाच्या कपाटात आला. पुढल्या आवृत्त्यांत हा ग्रंथ वाढत गेला. आज त्याच्या आधारे कोणी दावा चालवू म्हणेल तर तो हास्यास्पद होईल. पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या घरात भांडणे कशावरून होत हे ज्यास जाणून घ्यावयाचे आहे, त्याने ते प्रश्न अवश्य वाचावेत. माणसे बदललेली नाहीत असे वाटू लागते.

वर ‘व्यवहारमयूखा’चे नाव आले. त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण आमच्या घरच्या एका प्रकरणाचा धागा तेथवर जातो. हा ग्रंथ नीळकंठ भट्टांचा. त्यांचे घराणे मूळचे आपल्या पैठणचे; पूर्वज रामेश्वर भट्ट काशीस जाऊन राहिले आणि तेथे या भट्ट घराण्याने कित्येक पिढ्या धर्मशास्त्राची गादी चालविली. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात नीळकंठांनी बारा ‘मयूख’ लिहिले. त्यांपैकी न्यायव्यवहारावरचा तो ‘व्यवहारमयूख’. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे इंग्रजी न्यायालयांनी याच ग्रंथाला अग्रमान दिला. उर्वरित महाराष्ट्रात ‘मिताक्षरा’ मुख्य आणि ‘मयूख’ तिच्या जोडीला, अशी व्यवस्था होती. आता दोघांत फरक काय? अनेक आहेत, पण एकच सांगतो. निपुत्रिक विभक्त भाऊ वारला आणि बायको, मुलगी, आईबाप आदी जवळचे कोणी मागे नसले, तर त्याची मालमत्ता कोणाकडे जावी? नीळकंठ म्हणतात की बहीण ही भावाच्याच गोत्रात जन्मली, म्हणून आजीच्या मागोमाग तिचा हक्क. मुंबई इलाख्यात बहिणीला आणि मुलीला वारशाने जे मिळे ते पूर्ण मालकीने मिळे. मिताक्षरा चालणाऱ्या इतर प्रांतांत बहिणीला वारसांच्या रांगेत निश्चित जागा मिळावयास १९२९ चा कायदा व्हावा लागला. म्हणजे एकाच देशात, एकाच धर्माच्या दोन बहिणींपैकी एकीला शेत मिळे आणि दुसरीला मिळत नसे. आणि त्याचे कारण एवढेच की, एका न्यायाधीशाच्या मेजावर एक पुस्तक होते आणि दुसऱ्याच्या मेजावर दुसरे. अर्थात भाऊ हयात असता एकत्र कुटुंबाच्या वाटणीत बहिणीला काहीच नव्हते. तेथे दोन्ही पुस्तकांचे एकमत होते!

‘मयूखा’वर पुढे आपल्याच दोन कोकणस्थ वकिलांनी परिश्रम केले. मुरुडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक (१८३३–१८८९) हे हायकोर्टातील नामांकित वकील. त्यांनी १८८० मध्ये ‘व्यवहारमयूख’ व ‘याज्ञवल्क्यस्मृती’ मूळ व इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केली. दुसरे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे. हे आधी सरकारी हायस्कुलात शिक्षक होते आणि नंतर वकिलीकडे वळले, ही गोष्ट लिहिताना एका शाळामास्तराला थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी क्षमा करावी. ‘व्यवहारमयूखा’ची आवृत्ती सिद्ध करताना काणे यांनी तिच्यासाठी धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना योजिली होती. ती प्रस्तावना वाढता वाढता पाच खंडांचा ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ झाली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३० ते १९६२ या काळात तो प्रकाशित केला आणि १९६३ साली काणे यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला. आमच्या कपाटात त्याचे दोन खंड निघाले. ते कायद्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेत उपयोगी पडावयाचे नाहीत, हे मान्य. परंतु ते रद्दीत घालण्याची भाषा जेव्हा समितीत निघाली तेव्हा मी उठून उभा राहिलो होतो, हे सभेच्या वृत्तांतात नमूद नाही म्हणून येथे नमूद करतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कपाटाचे रूप पालटले. १८६० ची भारतीय दंडसंहिता १८६२ च्या आरंभापासून अमलात आली. १८७२ मध्ये पुराव्याचा आणि कराराचा कायदा, १८८२ मध्ये मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा, असे कायदे ओळीने आले. आता मूळ वचन संस्कृतात नसून कलमवार इंग्रजीत होते. मग त्यावर भाष्ये आली. पंतोजींनी श्लोकाचा अन्वय लावावा त्याप्रमाणे कलमाचा शब्द न् शब्द सोडवून त्यावर न्यायालयांचे निर्णय देणारे हे ग्रंथ. रतनलाल रणछोडदास आणि धीरजलाल केशवलाल ठाकोर ही जोडनावे गुन्ह्यांच्या कायद्यापुरती घरोघर झाली, आणि त्यांचेच ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ हे निवाड्यांचे नियतकालिक १८९९ पासून सुरू झाले. सरकारी ‘इंडियन लॉ रिपोर्ट्स’ची मुंबई माला त्याआधी १८७६ पासून चालू होती. नागपूरहून चितळे यांचा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ निघू लागला आणि त्यातील निवाडे १९१४ पासूनच्या सालवारीने उद्धृत होऊ लागले. एका मराठी माणसाने नागपुरात बसून सबंध हिंदुस्थानच्या हायकोर्टांचे निकाल वकिलांच्या हाती दिले, याची आपल्याकडे जितकी आठवण असावयास हवी तितकी दिसत नाही.

या काळातले सर्वांत मोठे नाव सर दिनशा फरदुनजी मुल्ला (१८६८–१९३४) यांचे. मुंबईचे हे पारशी गृहस्थ सॉलिसिटर, कायद्याचे अध्यापक, आणि अखेर १९३० मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीचे सभासद झाले. हिंदू कायदा, मुसलमानी कायदा, करार, दिवाणी प्रक्रिया, मालमत्तेचे हस्तांतरण या सर्वांवर त्यांचे ग्रंथ आहेत. करारावरचा ग्रंथ त्यांनी सर फ्रेडरिक पोलॉक यांच्यासह लिहिला. हिंदू कायदा तेव्हा एका जागी संहिताबद्ध नव्हता. मुल्लांनी शेकडो निवाडे वाचून तो क्रमांक दिलेल्या परिच्छेदांत, उदाहरणांसह, असा मांडला की वाचणाराला वाटावे हा विधिमंडळाने केलेलाच कायदा आहे. पाल्हाळ नाही आणि अलंकारही नाही. भाषेच्या दृष्टीने पाहावयाचे तर निबंधलेखनाचा तो उत्तम धडा आहे. दिवाणी प्रक्रियेवर त्यांचे एक लहानसे पुस्तक विद्यार्थ्यांसाठीही आहे, आणि माझ्या मते नवख्या वकिलाने जाड ग्रंथाच्या आधी तेच वाचावे.

पण येथेच एक घोटाळा आहे. मुल्ला १९३४ मध्ये निवर्तले. त्यानंतर त्यांच्या नावाने निघालेल्या प्रत्येक आवृत्तीत दुसऱ्या संपादकांनी मजकूर घातला, काढला, बदलला, आणि तसे करणे भागच होते. पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव तेच, आत मजकूर निराळा. आमच्या यादीत एकाच नावाच्या ग्रंथाच्या चार आवृत्त्या आहेत आणि चारही बाहेरून सख्ख्या भावंडांसारख्या दिसतात. चौथा रकाना भरला नसता तर कोणती कोणाच्या हाती देतो आहोत याचा मला पत्ता लागला नसता.

आता घरची हकीगत. आमच्या वडिलांची वडिलोपार्जित जमीन बारा एकर. आई १९९६ मध्ये गेली, वडील २००१ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. आम्ही दोघे भावंडे, ताई आणि मी. ताईचे लग्न १९७९ चे. कित्येक वर्षे सातबाऱ्यावर नावे लावण्यापलीकडे आम्ही काही केले नाही. २०२१ च्या आरंभी दोघांनीही आता वये झाली असे म्हणून रीतसर वाटणीपत्र करावयाचे ठरविले आणि आमच्या माहितीच्या एका वकिलांकडे गेलो. वकील सज्जन, कामात चोख. त्यांनी पाठीमागच्या फडताळातून एक जाडजूड भाष्यग्रंथ काढला, पान उघडले आणि बोट ठेवून दाखविले. “गुरुजी, एकत्र कुटुंबाची जमीन. बापलेकांत आधी निम्मी निम्मी. वडिलांच्या सहा एकरांत तुम्ही आणि ताई सारखे वाटेकरी. म्हणजे ताईंना तीन एकर, तुम्हांला नऊ.” मी ताईकडे पाहिले. ती एवढेच म्हणाली, “तू लिहिशील त्यावर मी सही करते.” मसुदा तयार झाला. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जावयाचा दिवसही ठरला.

आदल्या संध्याकाळी ताईची नात घरी आली होती. ती तेव्हा पुण्यास कायद्याच्या दुसऱ्या वर्षात शिकत होती. मसुदा वाचून तिने मला विचारले, “आजोबा, वकीलसाहेबांनी दाखविलेले पुस्तक कोणत्या सालचे होते?” ते मी पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी दस्ताची वेळ पुढे ढकलून मी वकिलांकडे गेलो आणि पुस्तकाचे दुसरे पान उलटून पाहिले. १९९२.

पुढे त्या मुलीने मला जे समजावून दिले ते येथे जसेच्या तसे सांगतो, कारण आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांना ते लागू आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला बापाच्या हिश्श्यात वाटा दिला, पण एकत्र कुटुंबात मुलगा जसा जन्मानेच हिस्सेदार, ज्याला कायदा सहदायाद म्हणतो, तशी मुलगी नव्हती. म्हणून ताईचे तीन एकर. १९९४ मध्ये महाराष्ट्राने स्वतःची दुरुस्ती करून मुलीला सहदायाद केले. परंतु त्या कायद्यापूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ताईचे लग्न १९७९ चे, म्हणून तेव्हाही तीनच एकर. मग केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून आली. तिच्यात लग्नाची अट नाही. वडील, मुलगा, मुलगी तिघेही सारखे, प्रत्येकी चार एकर. वडिलांचे चार पुन्हा दोघांत. म्हणून ताईला सहा. परंतु २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’ या खटल्यात असे ठरविले की, त्या तारखेस वडील हयात असले पाहिजेत. आमचे वडील २००१ मध्येच गेलेले. पुन्हा तीन! अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय फिरविला. मुलीचा हक्क जन्माचा आहे, वडील त्या दिवशी हयात असण्याचे कारण नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी तेवढी मोडता येणार नाही. आमची वाटणी झालीच नव्हती. म्हणून सहा.

म्हणजे पाहा, जमीन तीच, मृत्यूचा दाखला तोच. १९९२ चे पुस्तक तीन म्हणते, २००६ चे सहा म्हणेल, २०१६ चे पुन्हा तीन, आणि २०२१ चे सहा. वकिलांनी लबाडी केली नव्हती. त्यांनी पुस्तक वाचून दाखविले आणि पुस्तकात तसेच लिहिलेले होते. त्यांनी मोकळ्या मनाने चूक मान्य केली व नवा मसुदा विनामोबदला करून दिला. परंतु ती मुलगी त्या संध्याकाळी आली नसती तर माझ्या बहिणीची तीन एकर जमीन माझ्या नावावर कायमची लागली असती, आणि मी ती सद्बुद्धीने, पुस्तकाच्या आधाराने घेतली असती. हा विचार आला म्हणजे अजूनही बरे वाटत नाही.

जुन्या पुस्तकाचे धोके फौजदारी बाजूलाही आहेत. १८६० ची दंडसंहिता एकशे साठांहून अधिक वर्षे चालली. ‘चारशेवीस’ हा शब्द तर मराठीत शिवी होऊन बसला. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रियेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम असे तीन कायदे आले. ५११ कलमांची ३५८ झाली. खुनाची शिक्षा ३०२ मध्ये होती ती १०३ मध्ये गेली, फसवणूक ४२० मधून ३१८ मध्ये. म्हणून आमच्या संग्रहातील दंडसंहितेची सारी भाष्ये टाकाऊ झाली काय? समितीतील एका तरुण सभासदाचे तसेच मत होते. परंतु १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यास जुनीच दंडसंहिता लागू आहे आणि असे खटले अजून कित्येक वर्षे चालावयाचे आहेत. शिवाय नव्या संहितेतील पुष्कळशा व्याख्या जुन्याच शब्दांत आहेत, त्यामुळे जुने निवाडे त्यांचा अर्थ लावण्यास लागतातच. तेव्हा जुनी भाष्ये ठेवावयाची, मात्र विद्यार्थ्याच्या हाती पहिले पुस्तक म्हणून द्यावयाची नाहीत.

ज्ञातिसंस्थेच्या दृष्टीने आणखी एक उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनात, जातीच्या अंतर्गत प्रश्नांत दिवाणी न्यायालयाने हात घालू नये, असे कलम होते. त्या बळावर कित्येक पंचायतींनी घरेच्या घरे वाळीत टाकली. १९४९ मध्ये मुंबई सरकारने बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला. त्यानंतर महाराष्ट्राने २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायदा केला आणि २०१७ पासून तो अमलात आहे. त्याखाली वाळीत टाकणे हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. एखाद्या संस्थेच्या पदाधिकाऱ्याने जुने पुस्तक उघडून ‘आमच्या आतल्या गोष्टीत कोर्ट पडत नाही’ असे म्हणावे, हे दिवस संपले. ते संपले हे चांगलेच झाले.

आता, विद्यार्थ्याने आणि नव्या वकिलाने पुस्तके घ्यावीत तरी कोणती, असा प्रश्न समितीपुढे येतोच. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे पहिला पैसा मूळ कायद्याच्या प्रतीवर, ज्याला विद्यार्थी ‘बेअर ॲक्ट’ म्हणतात त्यावर, खर्च करावा. तो स्वस्त असतो आणि दर वर्षी नवा घेता येतो. कलम पाठ नसले तरी चालेल, पण ते डोळ्यांनी वाचलेले असावे. परीक्षेच्या आदल्या महिन्यात आप्पा बळवंत चौकात ज्या प्रश्नोत्तरांच्या पातळ पुस्तिका खपतात, त्यांविषयी एक शिक्षक काय म्हणणार हे वाचकांनी ताडले असेलच. भाष्यग्रंथ महाग. दिवाणी प्रक्रिया आणि फौजदारी कायदा या दोहोंवर एकेक नवी आवृत्ती घरी असावी, बाकीची ग्रंथालयात पाहावीत. दावे व कैफियती लिहिण्यासाठी मोघा यांचा ग्रंथ, आणि खुनाच्या किंवा विषप्रयोगाच्या खटल्यांसाठी मोदी यांचे १९२० पासून चालत आलेले न्यायवैद्यक, ही वकिलांची जुनी सोबत आहे. त्यांचीही आवृत्ती पाहूनच घ्यावी. तालुक्याच्या न्यायालयात मराठीत काम करणाराने भाषा संचालनालयाचा ‘न्याय व्यवहार कोश’ जवळ बाळगावा. इंग्रजी शब्दाला जो तो आपल्या मनाचा प्रतिशब्द योजू लागला तर दस्ताचा अर्थच हरवतो. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे आता संगणकावर विनामूल्य पाहावयास मिळतात. तेवढ्याने कपाटाची गरज संपली असे मला वाटत नाही, परंतु कपाटातील पुस्तक खरे बोलते आहे की नाही हे त्यावरून पडताळता येते.

यादी पूर्ण झाली आहे. काणे, जुनी दंडसंहितेची भाष्ये आणि कै. वकीलसाहेबांच्या हस्ताक्षरातील टिपणे असलेले ग्रंथ वसतिगृहाच्या ग्रंथालयात राहतील. तीन नव्या संहितांच्या सहा सहा प्रती आणि हिंदू कायद्याची एक ताजी आवृत्ती निधीतून घेण्यास कार्यकारिणीने मान्यता दिली आहे. आमच्या वकिलांकडचे ते १९९२ चे पुस्तक मी मागून आणले. त्याच्या पहिल्या पानावर १९९४, २००५, २०१५ आणि २०२० असे चार आकडे लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ते त्याच कपाटात, अगदी दर्शनी भागी ठेविले आहे. ताईच्या सहा एकरांचा फेरफार मंजूर झाला. विहिरीकडची बाजू तिच्याकडे गेली.